उद्या भांग आहे

टाळेबंदीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या वर्तमानपत्राचं डेस्क घरोघरी विखुरलं. डेस्क म्हणजे टेबल नव्हे. आलेल्या बातम्या तपासणारी, कापणारी, मथळे देऊन पानात बसवणारी माणसं. मी नवी मुंबईचं पान पाहत असे. कार्यालयातून एक जुना लॅपटॉप मिळाला, त्याच्यासोबत दुसऱ्याच कंपनीचा चार्जर आला, आणि मी कामाला बसलो तो शिलाई मशीनच्या फळीवर. घरात टेबलाच्या उंचीची तेवढी एकच वस्तू मोकळी होती.

आमचं घर कोपरखैरण्याच्या गावठाणात आहे. जुन्या कौलारू घराच्या जागी वडिलांनी तीन मजले चढवले. वरचे दोन भाड्याने दिलेले; तळमजल्यावर आई, बायको, सातवीत गेलेली मुलगी आणि मी. वडील जाऊन सात वर्षं झाली होती. बायको शाळेत गणित शिकवते. जूनपासून तिचे वर्ग आतल्या खोलीतून सुरू झाले, मुलीचे स्वयंपाकघरातून आणि माझं पान बाहेरच्या खोलीतून. पहिल्याच दिवशी बायको वर्गाला जोरात म्हणाली, "सगळ्यांनी माइक बंद करा." आईने उठून मिक्सर बंद केला आणि त्या दिवशीचं वाटण पाट्यावर वाटलं. संध्याकाळी उलगडा झाला तेव्हा बायको ओशाळली. आई म्हणाली, "मना वाटलं, सून पयल्यांदा आवाज चढवून बोलली. आयकूया एकदा."

आमच्या गावच्या बोलीत ण नाही आणि ळसुद्धा नाही. पाणी ते पानी, मासळी ती मासली, खाडी ती खारी, थोडी ती थोरी, आहे ते हाय. वीस वर्षांपूर्वी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या पहिल्याच बातमीत 'पानीपुरवठा' असं गेलं होतं. तेव्हाच्या मुख्य उपसंपादकांनी तो कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि विचारलं, "पुरवठा पानिपतहून होतो का रे?" त्यानंतर माझा एकही ण चुकला नाही. पुढे दुसऱ्यांचे चुकलेले ण दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. घरी आईशी मी बोलीत बोलायचो, कार्यालयात कधीच नाही. कार्यालय मुंबईत; दोहोंच्या मध्ये खाडीवरचा पूल होता. घरून काम सुरू झालं आणि पूल राहिला नाही. एका दुपारी फोनवर बैठक चालू असताना मी "आये, पानी दे गो" असं म्हणालो. माइक चालू राहिला होता. बारा जणांनी ते ऐकलं. डेस्कप्रमुख म्हणाले, "आधी पाणी घ्या, मग तुमच्या मथळ्याकडे येऊ." त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही त्या दिवसापासून माइककडे फार लक्ष दिलं नाही.

आई मला पहिल्यांदाच काम करताना पाहत होती. चार-पाच दिवस तिने निरीक्षण केलं. मग विचारलं, "तू दिसभर दुसऱ्यांचं लिवलेलं कापतंस. सवताचं काय लिवतंस?"

"मथळे."

"म्हंजे केवढं?"

"पाच-सहा शब्द."

ही माहिती तिने ओट्यावर बसून शेजारणीला दिली. "पाच शब्द लिवतंय नि दिसभर पंख्याखाली बसतंय. बरी नोकरी हाय."

रोज संध्याकाळी महापालिकेचा रुग्णांच्या आकड्यांचा कागद येई. तो आला की पान पूर्ण होई. आई तेवढा वेळ माझ्या मागे उभी राहायची.

"आपल्या आलीत कोन हाय?"

"आपल्या आळीत कोणी नाही."

"मंग जेव."

एकदा आमच्या आळीचंही नाव आलं. पत्रे ठोकले, बांबू बांधले, चौदा दिवसांनी सोडले. ते कुटुंब बरं होऊन परतलं. आमच्या घरात त्या वर्षी आजार आला नाही. बातमी म्हणून पाहिलं तर त्यात काही नाही. पण रोज दुसऱ्यांच्या घरांची मोजदाद करणाऱ्याला स्वतःच्या घरात चार ताटं मांडलेली दिसणं किती मोठं असतं, ते मला तेव्हा कळलं. वीस वर्षांत मी घरच्यांसोबत रात्रीचं जेवण फक्त सुट्टीच्या दिवशी जेवलो होतो. त्या दिवसांत रोज जेवलो.

बेचैन होती ती फक्त आई. तिच्या कामाला घर चालत नव्हतं.

आई मासळी विकते. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, खाडीत छोटी होडी घालतो. तो पहाटे आणतो आणि आई सेक्टरच्या बाजाराच्या कोपऱ्यावर बसते. चाळीस वर्षं ती त्याच जागी बसते आहे. आधी तिथे भातशेताचा बांध होता, मग रस्ता झाला, मग बाजार झाला. आई जागची हलली नाही. बाजार बंद झाल्यावर मामा आणत राहिला आणि मासळी नातेवाइकांत वाटली जाऊ लागली. आईला ते पसंत नव्हतं. "फुकटच्या मासलीला कोन इचारत नाय," ती म्हणायची. "काटं जास्त हायत बोलतात."

घर भाड्यावर आणि दोन पगारांवर चालत होतं. मी तिला म्हटलं, "आये, आता बस झालं. बासष्ट झाली तुला."

"बसले तर बसलेच मी," ती म्हणाली.

तिची भीती नेमकी होती. कोपऱ्यावर बसणाऱ्यांतली एक बाई पूर्वी मुलीच्या बाळंतपणाला गावी गेली आणि दुसरी पाय मोडल्यामुळे तीन महिने घरी राहिली. दोघी परत आल्या तेव्हा त्यांचं गिऱ्हाईक दुसरीकडे लागलं होतं, ते पुन्हा वळलं नाही. आईला चार महिने झाले होते. आता तर लोक फोनवरून गोठवलेली मासळी मागवू लागले होते. ही सवय पक्की झाली तर बाजार उघडला तरी कोपऱ्यावर येणार कोण? तिच्यापुरता महामारीतला प्रश्न एवढाच होता, आणि तो आम्ही तिघंही जाणून होतो.

जुलैत पुन्हा कडक टाळेबंदी लागली तेव्हा वाट निघाली. तीन गल्ल्या पलीकडे चार विंगांची एक मोठी सोसायटी आहे. आईचं निम्मं गिऱ्हाईक तिथलं. तिथल्या सेक्रेटरींनी दूध, भाजी, पीठ आणि मासळीवाल्यांसाठी नियम केला: आदल्या दिवशी ग्रुपवर कळवायचं, लोक मागणी नोंदवतील, सकाळी नऊ ते दहा गेटपाशी टेबल लावायचं, एका वेळी एकच माणूस. आणि ओरडायचं नाही. लोक घरून काम करताहेत, मुलांचे वर्ग चालू असतात.

शेवटच्या अटीवर आई अडखळली. "वरडायचं नाय तर मासली इकायची कशी?"

"लिहून," मी म्हणालो.

'जीवनावश्यक' नावाच्या त्या ग्रुपवर माझा नंबर घातला गेला. रोज संध्याकाळी आई मशीनशेजारी पाटावर बसून सांगे आणि मी पान लावता लावता लिही. ती सांगायची, "लिव, चिंबोरी हाय, भरलेली, काल रातची नाय, आज पाटंची. बोईट हाय हातभर. कोलंबी हाय, पांढरी, गोरी. आमच्या भावानं धरलीय." मी लिहायचो: 'उद्या उपलब्ध: चिंबोरी, बोईट, पांढरी कोलंबी. सर्व ताजे. मागणी सायंकाळी सातपर्यंत नोंदवावी.'

"वाच," ती म्हणायची. मी वाचून दाखवायचो.

"तू लिवलंस का मासली शिली वाटते."

बायकोने आतून दुजोरा दिला. तिचं माहेर साताऱ्याकडचं, मासळी ती लग्नानंतर खाऊ लागली. "निविदा सूचना वाटते," ती म्हणाली.

मी म्हटलं, माहिती अचूक आहे ना? ती होती. अचूकतेवरून एकदाच अडलं, ते 'वाट्या'वरून. लहान मासळी वजनावर जात नाही, तिचे ढीग लावतात. एक ढीग म्हणजे एक वाटा. मी आईला विचारलं, वाट्यात किती ग्रॅम? ती म्हणाली, "वाटा म्हंजे वाटा. बाई बघून लावायचा. घरात मानसं किती, पोरं किती, त्याच्यावर." हे छापण्याजोगं नव्हतं, म्हणून मी 'अंदाजे पाव किलो' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ स्वयंपाकघरातला काटा घेऊन खाली आले. त्यांचा वाटा पाव किलोच्या बराच वर भरला. आईने वरचा काढून घेतला. "पोरानं पाव लिवलाय," ती म्हणाली. गृहस्थ पुढच्या वेळी काटा न घेता आले.

दहा-बारा दिवस हे नीट चाललं. गिऱ्हाईक जुनंच होतं, मास्कवरून एकमेकींना ओळखून घेत होतं. आई दहा वाजता रिकाम्या टबासह परत यायची, अंगणात हातपाय धुवायची आणि मला गेटवरच्या बातम्या सांगायची. कोणाच्या मुलाची नोकरी गेली, कोणाची सून माहेरी अडकली. त्यातल्या दोन बातम्या माझ्या पानावर आल्या.

मग अष्टमी आली.

खाडीकाठच्या माणसाला अष्टमी पंचांगात पाहावी लागत नाही. पुनवेला आणि अवसेला पाण्याला जोर असतो, ते उधाण. मधे आठमीला चंद्र अर्धा असतो, पाणी ना धड चढतं ना धड उतरतं. त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगात जाळ्यातून प्रवाह वाहत नाही आणि मासळी फारशी मिळत नाही. हा शब्द मी लिहायला शिकण्याच्या कितीतरी आधी शिकलो. मामा होडी लावून घरी बसला की आई म्हणायची, भांग हाय. म्हणजे त्या दिवशी घरात डाळ.

आषाढ संपत आला होता. गटारीला, म्हणजे श्रावणाआधीच्या अवसेला, आठवडा राहिला होता. त्यानंतर महिनाभर बहुतेक घरांत मासळी बंद. त्यामुळे या आठवड्यात मागणी सर्वाधिक आणि नेमका आधी भांग. त्या संध्याकाळी महापालिकेचा कागद उशिरा येणार होता, एक जाहिरात ऐनवेळी आली होती, आणि मला पहिल्या पानासाठीही मथळा हवा होता. आई म्हणाली, "लिव. उद्या भांग हाय, मासली थोरी. पयलं सांगतील त्यांनाच गावंल. उगा गर्दी नको, वरडा नको, नायतर सेक्रेटरी रागावल."

मी लिहिलं. वाचलं. 'मासळी' दोनदा येत होतं. ग्रुप मासळीचा संदेश ओळखतो, तेव्हा एकदाही गरज नाही असं मला वाटलं. एक काढला, दुसऱ्या जागी 'माल' घातला. पाठवलेला मजकूर असा होता:

'उद्या भांग आहे. माल मर्यादित. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांनाच मिळेल. गेटवर आवाज व गर्दी न करता यावे.'

मथळ्यातून भलता अर्थ निघतो का, हे तपासणं डेस्कचं पहिलं काम. त्यासाठी मी नवशिक्यांना बोललो आहे. हा मजकूर दुसऱ्या कोणाचा असता तर मी तो निम्म्या सेकंदात अडवला असता. पण तो शब्द घरचा होता, त्याला दुसरा अर्थ असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी फोन पालथा ठेवला आणि पानाकडे वळलो.

पाऊण तासाने पान गेलं तेव्हा फोन पाहिला. पहिलं उत्तर होतं: 'किती ग्रॅम?' त्याखाली हसरे चेहरे. मग: 'होळी तर कधीच झाली.' मग: 'गटारीची जय्यत तयारी दिसते.' एका सदस्याने प्रामाणिकपणे विचारलं होतं, 'सलून सुरू झालं का?' त्याला डोक्याचा भांग वाटला होता. मग एका बाईंचा संदेश: 'हे काय चाललं आहे? मुलं वर्गासाठी हाच फोन वापरतात.' आणि शेवटी सेक्रेटरी: 'सदर विक्रेत्यास ग्रुपमधून काढण्यात येत आहे. उद्यापासून गेटवर प्रवेश नाही. इतर सोसायट्यांनाही कळविले आहे.'

त्यानंतर मला काही दिसत नव्हतं, कारण मला काढलं होतं.

मी सगळी उत्तरं आईला वाचून दाखवली. ती आधी हसली. चांगली पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. मग सेक्रेटरींचा संदेश पुन्हा वाचायला सांगितला.

"इतर म्हंजे किती?" तिने विचारलं.

"सेक्टरमधल्या सगळ्या असतील."

"चालीस वर्सं मावशी बोलतात मना. तू एका दिसात भांगवाली केलंस."

मी सेक्रेटरींना फोन केला, त्यांनी उचलला नाही. मग मला जे येतं ते केलं: खुलासा लिहिला. 'आमच्या संदेशातील "भांग" या शब्दामुळे काही सदस्यांचा गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर शब्द समुद्राच्या भरती-ओहोटीशी संबंधित असून...' असा एकूण नव्वद शब्दांचा. सेक्रेटरींच्या नंबरवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. डेस्कप्रमुखांशी दुसऱ्या कामासाठी बोलताना मी हा प्रकार सांगितला. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "आपला खुलासा कधी कोणी वाचलाय का? आतल्या पानावर, खाली, बारीक टायपात. आपण तिथे का टाकतो?"

"कोणी वाचू नये म्हणून."

"मग तुम्ही लिहिलेलासुद्धा तसाच झाला असणार."

माझी आणखी एक चूक मला नंतर सुचली, ती व्याकरणाची. पिण्याची भांग स्त्रीलिंगी, तिचं षष्ठीचं रूप भांगेचा. पाण्याचा भांग पुल्लिंगी, त्याचं भांगाचा. 'उद्या भांगाचं पाणी' एवढं लिहिलं असतं तरी निभावलं असतं. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आईंना सांगू नका. आत्ता नको."

मुलगी जेवताना हे सगळं ऐकत होती. जेवण झाल्यावर ती आतून भूगोलाचं पुस्तक घेऊन आली. चुलत बहिणीचं जुनं, कव्हर गेलेलं. त्यात भरती-ओहोटीचा धडा होता. सूर्य, चंद्र, पृथ्वीची आकृती होती आणि आकृतीखाली ठळक अक्षरांत 'भांगाची भरती' असं होतं. आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तिने बोट ठेवून तो शब्द स्वतः लावला. मग नातीला सगळा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला, दोनदा.

"ह्ये पुस्तक सरकारी हाय?"

"हो आजी. परीक्षेला येतं हे."

"परीक्षेला येतं," आई माझ्याकडे पाहून म्हणाली. "नि पेपरवाल्याला येत नाय." मग नातीला म्हणाली, "बाय, उद्या सकाली पुस्तक लागंल मना."

सकाळी पाऊस उघडला होता. मासळी नव्हतीच, त्यामुळे टब घेतला नाही. आई धुतलेलं पातळ नेसली, मास्क लावला, पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. मी सोबत गेलो. तिने मला चालता चालता बजावलं, "तू काय बोलू नको. तू बोललास का ते पेपरात आल्यासारखं वाटतं."

गेटवरचा वॉचमन तिला ओळखत होता. तो अवघडून म्हणाला, "मावशी, साहेबांनी नाय सांगितलंय." आई म्हणाली, "मी कुटं आत येतंय? साहेबांना भाईर बोलीव." त्याने वर फोन लावला. दहा मिनिटांनी सेक्रेटरी छत्री घेऊन खाली आले. बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे सांगलीकडचे गृहस्थ. त्यांनी गेटच्या आत सहा फुटांवर उभं राहून सुरुवात केली.

"मावशी, तुमच्याविषयी माझी वैयक्तिक तक्रार नाही. पण ग्रुपवर असलं येणं बरोबर नाही. मला उत्तर द्यावं लागतं."

"साहेब, आधी वाचा, मंग रागवा."

पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. तेव्हा कोणी कोणाच्या हातातलं काही घेत नसे. मी ते गजांमधून उघडं धरलं आणि ते वाकून वाचू लागले. चष्म्यावर वाफ आली, ती पुसून पुन्हा वाचलं.

"भांगाची भरती," ते हळू म्हणाले. "हे मला माहीत नव्हतं."

"तुमच्याकडं खारी नाय, तर कसं ठाव असंल? आठमीला पान्याला जोर नसतो. पानीच पलत नाय तर मासली जाल्यात कशी येल? आता अवसेला उधान हाय. तवा बघा."

"मग हे तुम्ही स्पष्ट सांगायला हवं होतं."

"सांगितलेलं मी. भांग हाय, मासली थोरी. असं बोललेले. ह्यानं मासली कापली."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. "का कापली?"

"पुनरुक्ती होत होती," मी म्हणालो.

"आणि 'माल'?"

"मासळी शब्द दोनदा येत होता."

"कापायचाच पगार घेतो तो," आई म्हणाली.

सेक्रेटरींचे मास्कवरचे डोळे बारीक झाले. वॉचमन पाठ फिरवून उभा राहिला; त्याचे खांदे हलत होते. मग सेक्रेटरींनी अडचण सांगितली. सेक्टरमधल्या सगळ्या सेक्रेटरींच्या ग्रुपवर त्यांनी स्वतःच हे कळवलं होतं. आता मागे घ्यायचं तर काहीतरी द्यावं लागेल. "लेखी काय देऊ मी? तुमच्या मुलाचा खुलासा आलाय, पण तो मला दोनदा वाचूनही कळला नाही."

"लेखी नको," आई म्हणाली. "लेखीनंच घोल केला. मी बोलते, तुमी धाडा."

त्यांनी थोडा विचार केला, फोनवर आवाजाचं बटण दाबलं आणि हात लांब करून फोन गजांपाशी धरला. आईने मास्क खाली केला नाही, पण मान वर केली आणि कोपऱ्यावर बसल्यावर बोलते तसं बोलली:

"ओ तायांनो, मी कोपऱ्यावरची मावशी. भांग म्हंजे पिवाची नाय गो. खारीचं पानी बसतं, त्याला भांग बोलतात. पोरांच्या पुस्तकात हाय, बघा. आता चार दीस मासली नाय. अवसेच्या आधी उधान येल, तवा चिंबोरी येल भरलेली, कोलंबी येल. जिताडा गावला तर जिचा पयला फोन तिचा. लिवलं माज्या पोरानं. त्याला माफ करा, तो पेपरात हाय."

सेक्रेटरींनी बटण सोडलं. हा निरोप त्यांनी आधी स्वतःच्या ग्रुपवर टाकला, मग सेक्रेटरींच्या.

आम्ही घरी पोचेपर्यंत मला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं होतं. उत्तरं येत होती. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर तिसऱ्या विंगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंचं होतं: 'मावशी, चार महिन्यांनी तुमचा आवाज ऐकला. बरं वाटलं.' ते मी आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "ती गुडघा दुखतो ती का?" मी म्हणालो, मला काय माहीत. ती म्हणाली, "तीच असंल." आणि भात टाकायला आत गेली.

सेक्रेटरींची अट एकच होती: यापुढे लेखी संदेश नको, मावशींनी स्वतः बोलावं. गेटवर ओरडायला बंदी होती, ग्रुपवर नव्हती. माझं काम फोन धरण्यापुरतं राहिलं. तेही थोड्या दिवसांत मुलीकडे गेलं, कारण मी मधेच सुचवायचो.

अवसेच्या आदल्या दिवशी उधाण आलं. मामाच्या जाळ्यात चिंबोऱ्या होत्या, कोलंबी होती आणि एक जिताडा होता, मुलीच्या हातापेक्षा लांब. टेबलासमोर चुन्याचे गोल आखलेले होते, ते कमी पडले आणि रांग कोपऱ्यावरून वळली. शेजारच्या दोन सोसायट्यांनी वॉचमनकरवी विचारणा केली की मावशी आमच्या गेटवर कधी येणार. जिताड्यासाठी पहिला फोन ज्या बाईंचा होता, त्या 'मुलं वर्गासाठी हाच फोन वापरतात' असं लिहिणाऱ्या. वॉचमनने आईला कानात सांगितलं की यांनीच तक्रार केली होती. आईने जिताडा कापून, साफ करून त्यांच्याच भांड्यात घातला. घरी आल्यावर मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "पयला फोन तिचा. बोललेलं बोललेलं." मग टब पालथा घालत, "मुंडकं मी कापून वेगलं दिलं. पोरांना आवडतं बोलली."

बाजार उघडला त्याला आता बराच काळ लोटला. मी आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जातो. आई कोपऱ्यावर बसते आणि दोन दिवस सोसायटीच्या गेटवर. टेबल तिथे वॉचमनच्या खोलीत ठेवलेलं असतं. कोपऱ्यावर तिच्या शेजारी बसणाऱ्या दोघींनाही मुलीने आवाजाचे निरोप करून दिले आहेत. ग्रुपचं नाव अजून 'जीवनावश्यक' आहे. त्यावर हल्ली आठमीच्या आदल्या संध्याकाळी आईने काही बोलण्याआधीच कोणीतरी लिहितं: उद्या भांग, अंडी आणून ठेवा. आईला हे आवडत नाही. भांग कधी ते त्यांना कळलं हे ठीक, पण अंड्यांचं नाव तिच्या ग्रुपवर कशाला, असं तिचं म्हणणं आहे. हे तिने सेक्रेटरींनाही कळवलं आहे, तोंडी.